घर आवरायचंय. १३७ कामांची यादी केली, एकही काम झालं नाही

चिमणपुरकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मोठं काम अंगावर आलं की त्याचे बारके तुकडे करा, असं जो तो सांगतो. मी केले. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

साताऱ्याला चिमणपुऱ्यात माझं माहेरचं घर आहे. जुनं, दोन मजली, सहा खोल्या, वर माळा, मागे पडवी आणि न्हाणीघर. दिवाळीच्या आधी बाबा गेले. आई माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला आली आणि घराला कुलूप लागलं. दादा बंगळूरला असतो. त्यामुळे घर आवरायचं काम 'जवळ राहते ती करेल' या न्यायाने माझ्याकडे आलं. जवळ म्हणजे सव्वाशे किलोमीटर. मृगाच्या आत संपवायचं ठरवलंय, कारण एक पावसाळा बंद राहिलं तर तिथल्या कागदांचं आणि वाकळांचं काय होईल ते साताऱ्याचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको.

तर मी एक्सेलमध्ये यादी केली. खोलीवार. 'स्वयंपाकघर, फडताळ, खण १', 'खण २', 'माळा, डावी बाजू, ट्रंक ३'. एकूण १३७ ओळी, रंगसुद्धा दिले. तेव्हापासून सहा शनिवार झाले आणि एकही ओळ हिरवी झालेली नाही. पहिल्या शनिवारी रद्दीचा एक गठ्ठा सोडला, त्यात बाबांच्या पहिल्या सायकलची पावती निघाली. ती वाचली, मग तिच्या खालचं वाचलं, चार वाजले, कडी घातली आणि स्टँड गाठलं. आता दर शनिवारी जाते, खिडक्या उघडते, केर काढते, बसते, परत येते. रविवारी मात्र यादीत नवीन ओळी पडतात.

चुकतंय कुठं?

घाटवाट
पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा, मग पाच मिनिटं सुट्टी. टोमॅटोवालं तंत्र. चार फेऱ्यांत खोली साफ. शुभेच्छा!

चिमणपुरकर
@घाटवाट, लावला होता. गजर झाला तेव्हा मी पावतीवरची सही कुणाची ते बघत होते. बंद केला.

साताराबाहेरचा
रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. आमच्या करंजे गावातल्या घरातही हेच व्हायचंय.

उसाबेणं
ताई, मी कराडच्या खालचा. आडसाली उसाचं बेणं तोडायला गडी बसवला की मी एकच बघतो, टिपरीला, म्हंजी लावायच्या तुकड्याला, डोळा राहिला का. डोळा म्हंजी कोंब फुटायची जागा. दोन डोळ्यांची टिपरी. बिनडोळ्याचं कांडं सरीत टाकलं तर कुजतं, दुसरं काय हुईत नाय. आन् डोळ्याला खेटून कोयता मारला तरी तेच. तुमच्या यादीत कांडी लय झाल्यात, डोळा कुठं दिसंना. 'फडताळ, खण १' हे काम न्हवं, हा पत्ता झाला. तिथं जाऊन करायचं काय? 'खण १ मधलं डबं पडवीत मांडायचं, झाकण नसलेलं भंगारात' असं लिवा. मग हात चालंल.

चिमणपुरकर
'हा पत्ता झाला' वाचून यादी परत उघडली. १३७ पैकी क्रियापद असलेल्या ओळी: अकरा. त्यातल्या चार 'बघणे'.

शाळामास्तर_मिरज
बेणंरावांशी सहमत, पण एक भर घालतो. निवृत्त आहे, लांबण लागेल.

१९८१ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्च्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलं सात ते दहा वर्षांची, गणिताचा तिटकारा असलेली. प्रत्येकाला ४२ पानं गणितं, बैठका सात. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला निदान सहा पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ संपवा. तिसऱ्याला आकडाच दिला नाही, नुसतं मन लावून करा म्हटलं. सहा पानंवाले वजाबाकीत तर पुढे गेलेच, 'मला जमतं' हा भरवसा त्यांच्यात जास्त दिसला आणि पुढे कुणी न सांगता आपणहून गणितं सोडवायला बसण्यातही तेच पुढे. मला धक्का बसला तो दुसऱ्या गटाचा. ४२ चा आकडा डोळ्यांपुढे ठेवून बसलेली मुलं आणि आकडाच नसलेली मुलं यांच्यात सांगण्याजोगा फरक पडला नाही.

हिशेब तोच होता, सहा साती बेचाळीस. पण सहा पानंवाल्याला उठताना कळत होतं की आजचं झालं. ताई, तुमच्या शनिवारला शेवट नाही. परतीची बस हा शेवट नव्हे.

स्कॉलरशिपच्या वर्गाला मी हे वर्षानुवर्षं उलटं केलं. फळ्यावर 'परीक्षेला ६२ दिवस' लिहायचो. पोरं फळा बघून घाबरायची, मला वाटायचं अभ्यासाला लागली.

चिमणपुरकर
सर, पटलं. पण वजाबाकीच्या पानावर बाबांचं अक्षर नसतं.

शाळामास्तर_मिरज
खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

फक्की
मी कोरेगाव तालुक्यातला. २०१६ ला वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानानं पाणी अडवायची स्पर्धा, पहिल्यांदा झाला तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते, आमचा कोरेगाव, अंबाजोगाई आणि वरूड. पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या वेळूचा आला. मी वेळूचा नाही. आमच्या गावाचा नंबर कुठंच नव्हता, ते असो.

पण आमच्यात जे झालं ते सांगतो. एकूण दिवस ४५. पहिला आठवडा उत्साहात शंभरभर माणसं डोंगरावर. टिकाव घेऊन उभी, 'कुठं खणू?' अर्ध्या तासात चहा, मग मोबाइल, मग ऊन झालं म्हणून खाली. रोज हेच. मग दोन पोरांनी एक केलं. आदल्या संध्याकाळी वर जायचं, ए-फ्रेमनं (पातळी मोजायची लाकडी चौकट) समपातळी रेघ काढायची, तिच्यावर फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, टाकायची आणि माणशी किती तेही खुणा करून ठेवायचं. सकाळी आलेला माणूस आपल्या दोन खुणांच्या मधे उभा राहतो. विचारायला काही शिल्लकच नाही. खणतो, नाहीतर खणत नाही. बहुतेक जण खणायचे, कारण शेजारच्याचा चर दिसत असतो.

तेव्हापासून माझा ठाम समज आहे की आखणी आणि खणणी एकाच वेळी करायची नाही. तुम्ही शनिवारी दार उघडून उंबऱ्यात ठरवता, आज काय करू. शुक्रवारी रात्री सांगलीत बसून फक्की टाका. शनिवारी डोकं घरी ठेवून जा.

बिनधास्त_पाटील
+१ फक्की. 'डोकं घरी ठेवून जा' मी रोज पाळतो, ऑफिसात.

हिशेबनीस
आकड्यांवर बोलू का? १९९४ चा एक गाजलेला अभ्यास आहे, ब्यूलर आणि सहकाऱ्यांचा. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर साधारण ३४ दिवस. सगळं वाईट झालं असं धरून सांगा म्हटल्यावर ४९ च्या आत-बाहेर. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला.

आता तुमचं. मृगापर्यंत शनिवार वीसेक. मार्चअखेरीचे दोन काढा (माझ्यासारखंच लेखा विभागात असाल तर तीन), लग्नसराईचे तीन, आईची तब्येत वगैरे धरून अजून एक-दोन. राहिले तेरा. १३७ भागिले १३, शनिवारी साडेदहा कामं. होणार नाहीत. कामं कमी करा नाहीतर माणसं लावा. यादी आणखी बारीक करून शनिवार वाढत नसतात.

चिमणपुरकर
लेखा विभागातच आहे. कसं ओळखलंत?

हिशेबनीस
रंग दिलेत म्हणून.

बेदाणा
तासगावकडचा द्राक्षबागायतदार. सध्या पहिला प्लॉट शंभर दिवसांच्या पुढे गेलाय, मण्यांत पाणी उतरलंय, झोप नाही, म्हणून या वेळी हजर.

आमच्याकडं कुणाला आजची तारीख विचारलीत तर मोबाइल काढेल. 'बाग किती दिवसांची?' विचारा, झोपेत सांगेल. फळछाटणीपासून दिवस मोजायचे. डोळे फुगले, पोंगा, मग घड दिसतात, फुलोरा, मणी सेट, विरळणी, पाणी उतरणं, आणि चार-साडेचार महिन्यांनी काढणी. 'द्राक्षं काढायची' असं कुणी छाटणीच्या दिवशी वहीत लिहीत नाही. आज अठ्ठाविसावा, तर अठ्ठाविसाव्याचं काय ते करायचं. ढग आले तर रात्रीसुद्धा फवारणी, तिथं यादी-बिदी काही नसतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझी चार एकर आहे. चारही एकर एका दिवशी छाटत नाही. प्लॉट पाडतो, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं. का? जमीन वेगळी आहे म्हणून नव्हे. विरळणीला गावात बायका मिळतात त्या तेवढ्याच, आणि सगळी बाग एकदम विरळणीला आली तर मणी कुणासाठी थांबत नाहीत. म्हणजे तुकडे पाडले ते माणसं बघून.

तुम्ही घराचे तुकडे जागेवरून पाडलेत. फडताळ, माळा, पडवी. एकदा माणसांवरून पाडून बघा. कुठलं काम तुम्हाला एकटीला जमतं, कुठल्याला आई लागते, कुठल्याला भाऊ.

चिमणपुरकर
@बेदाणा, काल रात्री जागून केलं. एक्सेलमध्ये एक रकाना वाढवला, 'कोण लागतं'.

एकटी: ३४
आई: १९
दादा: ८४

दादाच्या ८४ मध्ये अख्खा माळा आहे, बाबांचं कपाट आहे, लाकडी सामान, तांब्यापितळेची भांडी, देवघर. मी यातलं काहीच त्याला न विचारता हलवू शकत नाही. आणि गंमत म्हणजे यादीत त्याच्याबद्दल ओळ आहे. ओळ ११२: 'दादाशी बोलणे'. पिवळी. 'न्हाणीघर, बंब' आणि 'पडवी, जुन्या कुंड्या' यांच्या मधे.

कडू_कारलं
मी पहिल्यापासून वाचतेय, थांबले होते. एकच विचारते. घर विकायचंय, भाड्यानं द्यायचंय की ठेवायचंय?

चिमणपुरकर
ते ठरलेलं नाही.

कडू_कारलं
मग तुम्ही आवरताय काय?

विकायचं असेल तर शेवटचा खिळासुद्धा काढायला लागेल. ठेवायचं असेल तर फडताळ झाडून कापूर ठेवला की झालं. दोन कामं पूर्ण वेगळी आहेत आणि तुम्ही दोन्हींची मिळून एक यादी केलीत. मला वाटतं तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून हात चालत नाही. खण १ चा दोष नाही. बारीक तुकडे करायचा हा एक तोटा कुणी सांगत नाही. मोठा प्रश्न चिरून इतका बारीक होतो की ११२ नंबरला जाऊन बसतो आणि डब्यांसारखाच दिसायला लागतो.

सासरी वाटणी झाली तेव्हा मी दोन वर्षं वाट्यांचे सेट मोजले होते. अनुभवाचे बोल आहेत, हलके घेऊ नका.

घाटवाट
बाप रे. टोमॅटो परत घेतो.

चिमणपुरकर
कारलं, रडवलंत सकाळी सकाळी. बरोबर आहे. दादाला हा विषय काढला की तो 'तू बघ ना, मला काही नको' म्हणतो आणि आवाज बदलतो. मग मी हवापाण्याचं बोलते.

फक्की
या फोनचे तुकडे कसे पाडणार? सरळ विचारा, 'दादा, घराचं काय करायचं?' एक वाक्य.

उसाबेणं
आवो, त्यो एकदम सगळ्या घराचा विचार कसा करंल? बंगळूरात बसलाय, त्याला तिथं भिंत दिसत नाय का खिडकी. एक वस्तू इचारा. बंब कुणाला? त्याला डोळा हाय. त्यातनं पुढचं फुटंल.

कडू_कारलं
मला हे टाळणं वाटतं. बंबावर अर्धा तास बोलाल आणि फोन ठेवाल.

शाळामास्तर_मिरज
दोघांचंही करा. बंबापासून सुरू करा, पण शुक्रवारी रात्री कागदावर दुसरं वाक्यही लिहून ठेवा, समोर ठेवून फोन करा. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी हेच सांगायचो.

जुना_दस्त
अवांतर, पण महत्त्वाचं. एक, वारस नोंदीचं काम आवराआवरीला बांधू नका, ते स्वतंत्र चालू द्या. पेठेतलं घर असल्यानं मिळकत पत्रिकेवर नावं लावायला नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा लागेल. मृत्यूच्या दाखल्याच्या सहा-सात प्रती आत्ताच काढून ठेवा, जो तो एक मागतो. गावाकडं शेती असेल तर सातबाऱ्याला वेगळा अर्ज. तिथं फेरफार धरल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात, मगच नोंद प्रमाणित होते. दोन, ट्रंकांत मोडी कागद निघाले तर रद्दीत घालू नका. वाचता येत नाही म्हणून लोक किलोवर देतात. कसर लागलेले असले तरी उन्हात पसरू नका, सावलीत वाऱ्यावर. दाखवायला कुणी नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून हेच काम चाललंय.

चिमणपुरकर
@जुना_दस्त, ट्रंक ३ मध्ये मोडी आहेत! सासूबाईंच्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेले. म्हणजे आजीच्या, माझ्या आईच्या सासूबाईंच्या. धन्यवाद, तसेच ठेवते.

---

चिमणपुरकर (तीन आठवड्यांनी)
अद्ययावत माहिती द्यायचं राहून गेलं, माफ करा.

मास्तरांचं ऐकून कागदावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं, 'बंब तुला हवा का?' दुसरं, 'घर ठेवायचं का?' शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन लावला. बंब म्हटल्याबरोबर दादा म्हणाला, कुठला, तो चेपलेला? तो चेपला कसा ते तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. त्यानं क्रिकेट खेळताना चेंडू मारला होता आणि बाबांना सांगितलं होतं मांजरानं पाडला. पितळी बंब, मांजरानं. बाबांनी त्यावर विश्वास ठेवल्याचं नाटक केलं असावं असं त्याला आता वाटतं. यात वीस मिनिटं गेली. कारलं, तुम्ही म्हणाला होतात तसंच चाललं होतं. दुसरं वाक्य मी विचारलंच नाही. त्यानंच विचारलं, 'तू हे सगळं काढायला का लागलीयस? विकायचंय का तुला?'

तो समजत होता मला विकायचंय. मी समजत होते त्याला.

आईला उठवून फोनवर घेतलं. आई म्हणाली, मी आहे तोवर नको, पुढं तुमचं तुम्ही बघा. वर एवढंच की खालच्या दोन खोल्या भाड्यानं द्या, घर माणसाच्या वावरानं टिकतं. इतकं सोपं होतं तर सहा शनिवार मी काय करत होते, असं मला विचारू नका.

मग यादी परत चाळली. खालच्या दोन खोल्या, पडवी आणि न्हाणीघर एवढंच रिकामं करायचंय. बाकी सगळं कोरडं राहील असं बघायचं. उरल्या ४१ ओळी. क्रियापदं घातली. आता शुक्रवारी रात्री तीन कामं चिठ्ठीवर लिहिते, चौथं लिहीत नाही. तीन झाली की दुपारचे दोन वाजले असले तरी कुलूप. गेल्या शनिवारी दीडलाच झालं, मग राजवाड्यावर जाऊन बसले, खूप वर्षांनी. त्याच्या आदल्या शनिवारी तीनपैकी एकच झालं, कारण ते पुस्तकांचं होतं आणि बाबा पुस्तकात पानोपानी काहीतरी लिहायचे. पुस्तकं 'एकटी' मधून काढून 'दादा' मध्ये टाकली. मे महिन्यात येतोय, दोघं मिळून वाचत बसू. तेव्हा काम होणार नाही हे आधीच धरलंय.

झाकण नसलेले डबे निघाले सतरा. डबा नसलेली झाकणं तेवीस.

हिशेबनीस
सहा झाकणं जास्त. ताळेबंद जुळत नाही.

कडू_कारलं
बंबाबद्दल हरले. आनंदाने.

साताराबाहेरचा
ताई, खालच्या खोल्या भाड्यानं देताना करार लिहून घ्या, अकरा महिन्यांचा, नोंदणी करून. बाकी वाचतोय. आमच्या करंज्याच्या यादीला आज 'कोण लागतं' रकाना घातला. सगळीकडे 'बायको' आलं.

चिमणपुरकर
एक शेवटची मदत हवी. बंब दादाला हवाय, चेपलेला आहे तसाच, कल्हईही करायची नाही म्हणे. तो मे महिन्यात गाडी घेऊन माझ्याकडे येईल, तिथून नेईल. पण न्हाणीघर पुढच्या शनिवारी रिकामं करायचंय, म्हणजे तो आधी सांगलीत आणायला हवा. सातारा-सांगली लालपरीत बंब नेता येतो का? कमरेएवढा आहे, नळीसकट. पोत्यात बांधला तर चालेल?

उसाबेणं
चालतोय की. कराडला उतरा, मी दुसऱ्या गाडीत चढवून देतो म्हणलो असतो, पर थेट गाडी बघा. मागच्या शिटाखाली बसायचा न्हाय, पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागं ठेवा. कंडक्टरला आधीच सांगा, लगेजचं तिकीट फाडतो.

घाटवाट
आणि विस्तव काढलाय ना, ते एकदा बघून घ्या.